अजून थोडं यावलकडे

१

भुसावळात चुडामण नानाच्या दुकानावर 'रेडिओ-टीव्ही दुरुस्ती' अशी पाटी आहे. पण आता तिथे दुरुस्त करायला एकटा नानाच उरलाय, असं शेजारचे कांतीलाल शेठ म्हणतात. शेठचं कापडाचं दुकान, बोलायला फुकट. नानाही त्यांना सोडत नाही. मागच्या दिवाळीत त्यानं शेठच्या घरची बेल पदरच्या खर्चानं बदलून दिली. तेव्हापासून पाहुण्यानं बटण दाबलं की व्हिडिओ गेममधला गडी खड्ड्यात पडून मेल्याचा आवाज येतो. शेठना वाटतं, नव्या बेला अशाच वाजतात.

नानाचं शिक्षण सातवी. सातवीत मास्तरांनी दोनदा बसवलं, तिसऱ्यांदा तो स्वतःच उठला आणि रेडिओवाल्याच्या हाताखाली गेला. वय अडुसष्ट. बायको गेली, मुलगा सुरतेला. अंगात खोडी मात्र पहिल्यासारखीच.

वैशाखात बारा ते चार भुसावळात कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही. त्या वेळी नाना शटर अर्धं खाली ओढतो, कूलरमध्ये दोन बादल्या ओततो आणि गाणी करायला बसतो. गाणी करायची म्हणजे पेटी-तबला नाही. तीस वर्षांपूर्वी टीव्हीला लावून खेळायचे ते गेमचे डबे, पिवळ्या कॅसेटवाले, ते त्यानं भंगारातून किलोवर उचललेत. त्या डब्याच्या पोटात बोटभर चिप असते, आवाज काढणारी. तिला गळे मोजून पाच. पाचवा तोतरा, त्याच्या नादी नाना लागत नाही. दोन गळे टोकदार, चिरक्या आवाजाचे. त्यांना नाना 'जावा' म्हणतो, कारण एक बोलायला लागली की दुसरी गप्प बसत नाही. तिसरा जाडा, घोगरा, खालच्या पट्टीत पुटपुटणारा, तो 'सासरा'. चौथा म्हणजे नुसती खरखर, ती 'फोडणी'. एक खास कॅसेट घातली की टीव्हीवर चौकटी येतात. चौकटीत एकेक सूर भरत जायचा. दिवसभर भरला तर अर्ध्या मिनिटाचं गाणं होतं.

"एवढ्या वेळात लग्न जमतं," शेठ म्हणतात.

"जमतं. पण ते बंद करायचं बटण नसतं, शेठ."

ही खास कॅसेट दिपमालाच्या नवऱ्यानं, स्वप्नीलनं मागवून दिली होती. तो जळगावला कॉम्प्युटरवर काम करतो. दिपमाला शाळेत शिकवते. ती अभिमनची पोरगी. अभिमन म्हणजे नानाचा भागीदार, दोस्त, सगळंच. त्याला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. बाप गेला तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. नाना तिच्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिला, बाळंतपणात दवाखान्यात बसला. लोक म्हणतात, दोस्ती असावी तर अशी. लोकांनी असं म्हटलं की नाना लगेच काहीतरी गंमत करतो.

तर यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दिपमाला म्हणाली, "नाना, आखाजीला आमच्या बायकांचा झोक्याचा कार्यक्रम आहे. डीजे नको म्हटलंय मी. आई माहेरची एक झोक्याची चाल गुणगुणते ना, ती तुमच्या गेमच्या आवाजात करून द्या. आईला घेऊन येते. बाबांच्या दोस्तानं केलंय म्हटल्यावर ती येईलच."

नाना म्हणाला, "येऊ दे की. तिलाही कळू दे, नवऱ्याची गादी वाया नाही गेली."

हसला. फोन ठेवला. मग कूलर भरलेला असूनही त्यात आणखी एक बादली ओतली.

२

चाल सोपी होती. झोका पुढे गेला की सूर वर, मागे आला की खाली. चार दिवसांत नानानं दोन ओळी भरल्या. मोबाइल टीव्हीपुढे धरून आवाज भरला आणि दिपमालाला पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन.

"नाना, झकास. आणि प्रत्येक ओळ संपली की तीन सूर टाकलेत ना, ते तर फारच छान. लांबून कोणीतरी काही विचारतंय असं वाटतं."

"कोणते तीन?"

"दोन खाली, तिसरा वर."

नानानं असे तीन सूर भरलेच नव्हते. पण न केलेल्या कामाची शाबासकी परत करेल तो नाना कसला.

"अगं, ती माझी सही आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं गाणं लावलं. पहिली ओळ संपली. जावा गप्प झाल्या. फोडणी थांबली. आणि सासरा बोलला. दोन सूर खाली, तिसरा वर. वर जाताना जरा घासून, थकल्यासारखा.

नानानं पडद्यावर बघितलं. त्या जागेच्या चौकटी रिकाम्या होत्या.

तो उठला, कूलर बंद केला आणि परत लावलं. ओळ संपली. दोन खाली, एक वर.

माणूस मेकॅनिक असला की त्याला भुताच्या आधी कंडेन्सर आठवतो. नानाला आठवला. जुने कंडेन्सर सुकतात, आत वीज इकडची तिकडे झिरपते, आवाज गळतात. त्यानं डबा उघडला. कॅसेटचे दात खोडरबरानं घासले. तीन कंडेन्सर बदलले, दोन टाके नव्यानं मारले. चिपवर फुंकर मारली. तिचा उपयोग नसतो हे चाळीस वर्षं माहीत असूनही मारली.

लावलं. ओळ संपली.

दोन खाली, एक वर.

मग त्यानं दोन्ही जावा बंद केल्या. फोडणी बंद केली. शेवटी सासराही बंद केला. आता पडद्यावर आकडे पळत होते आणि आवाज कशाचाच नव्हता. नानानं निवांत विडीचं बंडल काढलं.

ओळ संपायच्या जागी डबा बोललाच.

३

एखादी गोष्ट अंगावर यायला लागली की तिची टर उडवायची, हा नानाचा जन्माचा इलाज. बायकोच्या तेराव्याला त्यानं भटजींच्या चपला बदलल्या होत्या. तर त्या दुपारी, सगळे गळे बंद असताना तिसऱ्यांदा तो आवाज आला, तेव्हा नाना वैतागून, सवयीनं, अगदी न ठरवता ओरडला,

"नाही. अजून थोडं यावलकडे."

तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

डबा गप्प झाला. बाहेर रस्त्यावर ऊन सळसळत होतं. आणि डोक्यावर, गच्चीवर, लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला. कर्रर. सावकाश. गंजलेला नट चार बोटं फिरावा तसा. मग डब्यातून, जरा दम खाऊन, परत दोन खाली, एक वर.

नानानं प्लग ओढला.

वारा असेल. वाऱ्यानं पाइप हलला असेल. नाना बाहेर आला. रस्त्यावरच्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

दुकानामागे गच्चीवर जायला लोखंडी शिडी आहे, अकरा पायऱ्यांची. खालून तिसरी एका बाजूनं तुटलेली. पाय पडला की टण्ण वाजते. नाना वर्षानुवर्षं गच्चीवर गेला नव्हता. गुडघे दुखतात असं सांगायचा. त्या दिवशी चढला.

वर भट्टी होती. ॲन्टेनाचा पाइप गच्चीच्या कोपऱ्यात तसाच उभा. केबल आली, डिश आली, ॲन्टेना कोणी काढला नाही. पाइप बुडाशी गंजून स्लॅबशी एकजीव झाला होता, तो दोघांनी मिळूनही फिरला नसता. त्याचं तोंड इतकी वर्षं वरणगावकडे, पूर्वेला होतं. रस्त्यावरून रोज दिसायचं.

आता ते यावलकडे होतं. बुडाशी गंजाचा लाल भुसा ताजा पडला होता.

पाइपाजवळ स्लॅबवर एक काळा डाग होता, पावलाच्या आकाराचा. रबरी चपलेचा. खूप वर्षांपूर्वी उन्हानं वितळून चिकटलेल्या.

नाना खाली उतरला. तिसरी पायरी टण्ण वाजली, तसा तो दचकला. आपलाच पाय होता.

४

जुन्या लोकांना सांगायला नको, पण ज्यांनी ॲन्टेना बघितलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा टीव्हीचं काम जोडीनं चालायचं. एक गच्चीवर पाइप फिरवणार, एक खाली पडद्यासमोर. वरचा ओरडणार, "आलं का?" खालचा सांगणार, "नाही, अजून फिरव." चित्र स्वच्छ आलं की, "आलं, उतर." वरच्याला काही दिसत नाही. खालचा सांगेल ते खरं.

अभिमन वरचा. नाना खालचा. अभिमनचा आवाज जाडा, घोगरा. 'आलं का' म्हणताना शेवटी वर चढायचा. आणि उतरला की पाणी पिण्याआधी तो आत येणार, गमछ्यानं मान पुसत पडद्यापुढे वाकणार आणि मिनिटभर चित्र बघणार. बातम्या असोत की शेतीचा कार्यक्रम. जणू ते त्यानंच वरून धरून आणलंय.

सत्त्याण्णवच्या आखाजीला दुपारी नव्या टीव्हीवर सिनेमा दाखवायचा ठरला. दुकानात चार-पाच जण जमले होते, कांतीलाल शेठही होते. अभिमन वर चढला. पहिल्याच हाकेला चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. आणि नानाच्या अंगात खोडी आली.

"नाही," तो ओरडला. "अजून थोडं यावलकडे."

सगळे तोंडं दाबून हसले. वरणगावकडे. यावलकडे. परत वरणगावकडे. पाच मिनिटं गंमत करायची आणि बोलवायचं, एवढंच. मग शेठ म्हणाले, तोवर गेम लावा की. नानानं टीव्हीतून ॲन्टेनाची वायर काढली आणि गेमची लावली. त्या दिवशी हात असा चालला की विचारू नका. कधी न पोचलेल्या टप्प्यावर पोचला. वरून हाक यायची, "आलं का?" नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "नाही." चव्वेचाळीस डिग्री. वर लोखंडाचा पाइप. पाऊण तास.

मग हाका थांबल्या.

नानाला ते कळलं होतं. हेच ते. त्याला कळलं होतं की हाका थांबल्यात. त्याला वाटलं, ओळखली वाटतं गंमत, रुसला. आणि तो राहिलेला टप्पा पूर्ण करून मगच उठला.

अभिमनला खाली आणला तेव्हा एकाच पायात चप्पल होती.

मंजुळाबाईला, त्याच्या बायकोला, नाना म्हणाला, "मी म्हटलं उतर, ऐकेना. सकाळपासून त्याचं डोकं फिरलेलं होतं." हे तो आपल्या बचावासाठी बोलला. पण ती बाई गप्पच झाली. सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, अभिमन पाणीही न पिता घरातून निघाला होता. हे नानाला नंतर कळलं. ती त्या दिवसापासून समजत आली की नवरा तिच्या रागात उन्हात उभा राहिला. आणि नानानं तिला समजू दिलं. अठ्ठावीस वर्षं. तिच्या पोरीचं लग्न लावणं त्याला सोपं गेलं, दोन वाक्यं बोलणं नाही.

गच्चीवरून उतरल्यावर नाना तडक शेठकडे गेला. शेठ गादीवर लवंडले होते.

"शेठ, ती आखाजीची दुपार आठवते का?"

शेठनं डोळे उघडले नाहीत. त्यांचा पंजा मात्र पोटावर घट्ट झाला.

"मला काही आठवत नाही, नाना. तुम्हालाही आठवायला नको." मग म्हणाले, "आणि दुपारचं ते तुमचं वाजवणं बंद करा बुवा. सारखं काय विचारता वर बघून?"

"मी नाही विचारत."

शेठ उठून बसले. नाना निघाला तेव्हा त्यांनी गिऱ्हाईक नसताना दुकानाचं दार लावून घेतलं.

५

आखाजीचा दिवस. घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं घागरी भरल्या होत्या. नाना दुकानात बसून होता. गाणं पुरं झालं होतं. त्यानं दिपमालाला फोन करून सांगायचं ठरवलं होतं की डबा बिघडला, कार्यक्रमात डीजे लावा. फोन हातातच होता.

अर्ध्या शटरखालून एक बाई वाकून आत आली. हातात तांब्या आणि फडक्यात बांधलेली सांजोरी. मंजुळाबाई. माहेर धुळ्याकडचं, पन्नास वर्षं भुसावळात काढली तरी बोली तिकडचीच.

"दिपू म्हने, गानं तयार शे. म्हटलं कार्यक्रमात गर्दी ऱ्हाई, आठेच ऐकी लेसू." ती स्टुलावर बसली. "त्यासनी घागर भरी उनू. हाई त्यातलंच पानी शे. त्यासनं जठे शेवटलं काम व्हतं, तठे ठेवसू म्हटलं."

तिनं तांब्या टेबलावर ठेवला, गेमच्या डब्याशेजारी. नाना काही गंमत शोधत होता. सापडेना.

"वहिनी, डबा बिघडलाय."

"लाव तं खरी भाऊ. तुना डबा कधी नीट व्हता?"

नानानं लावलं. दोन्ही जावा झोक्याच्या लयीत बोलायला लागल्या. म्हाताऱ्या बाईची मान हलायला लागली, पाय जमिनीवर पुढेमागे व्हायला लागला. ओळ संपत आली. नानानं आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबत थांबत थांबला. कूलरचं पाणी ठिबकलं. पडदा काळा झाला. नानाला बरं वाटलं. वीज मंडळाला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मनातून हात जोडले.

मग बंद डब्यातून, अगदी स्पष्ट, दोन सूर खाली, एक वर.

मंजुळाबाईचा पाय थांबला.

"कोन इचारी ऱ्हायना?"

नानानं बटणावरचं बोट काढलं.

"चुडामणभाऊ. कोन इचारी ऱ्हायना? हाऊ आवाज मी वळखस."

परत आला. आता डब्यातून नाही. वरून. गच्चीवरून. आणि त्यात आता सूर राहिले नव्हते, नुसता घोगरा घसा होता.

तेव्हा नाना बोलला. अठ्ठावीस वर्षं न बोललेलं तीन-चार मिनिटांत बोलला, जमिनीकडे बघत. चित्र आलेलं होतं. पहिल्याच हाकेला आलं होतं. गेम. पाऊण तास. हाका थांबल्या ते कळलं होतं. तुमच्या भांडणाचा काही संबंध नव्हता, वहिनी. तो मजेत चढला होता, शीळ घालत.

मंजुळाबाई रडली नाही. त्याला तळतळाट दिला असता तर नानाला बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, नवीन माणसाकडे बघावं तशी.

"पानी तरी पिनात का त्या?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं तांब्यावरचं फुलपात्र काढलं, पाणी ओतलं. डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

"सांगी टाक त्यासले," ती म्हणाली. "उतरू दे आते."

वरून हाक आली. या वेळी ती वाट बघत असल्यासारखी थांबली.

"आलं," नाना ओरडला. आवाज फाटला. "आलं, अभिमन. उतर."

६

काही क्षण काहीच झालं नाही. मग गच्चीवर पावलं चालली. एक चपलेचं, एक अनवाणी. एक चपलेचं, एक अनवाणी. स्लॅबच्या कडेपर्यंत.

शिडी कुरकुरली. नाना मोजत होता. अकरावी. दहावी. नववी. घाई नव्हती, दमलेलं माणूस उतरतं तसं. त्याच्या छातीवरचं काहीतरी एकेक पायरीनं हलकं होत होतं. मंजुळाबाईच्या हातातलं फुलपात्र जराही हलत नव्हतं. पाचवी. चौथी.

टण्ण.

आणि तेव्हा नानाला आठवलं, उतरल्यावर अभिमन पाण्याला हात लावायच्या आधी काय करायचा.

त्यानं टीव्हीकडे बघितलं. पडदा काळा. लाइट नव्हती. आपण 'आलं' म्हणालो. उतर म्हणालो. आणि आलं तर काहीच नव्हतं. याही वेळी.

नानानं बटण दाबलं. परत दाबलं. प्लग काढून घातला, वायर काढून घातली. डब्याला थापटलं. पिन भोकात जाईना. मागचं दार किलकिलं झालं, तापलेल्या रबराचा वास आत आला. मंजुळाबाई हळूच म्हणाली, "घ्या, आगोदर पानी प्या." कोणी फुलपात्र घेतल्याचा आवाज आला नाही. पावलं तिच्याजवळून पुढे आली. एक चपलेचं, एक अनवाणी.

नानानं मागे वळून बघितलं नाही. तो बटण दाबत राहिला. समोरच्या काळ्या काचेत तो स्वतः दिसत होता, मागे पदर घेतलेली मंजुळाबाई दिसत होती, आणि दोघांच्या मधोमध, गमछ्यानं मान पुसत, कोणीतरी वाकून बघत होतं, आलं का ते.